गाडीचे दोन बंद काटे

१९८३ च्या एप्रिलमध्ये, दुपारी दोनच्या सुमारास, मालेगावहून नाशिककडे येणारी आमच्या दैनिकाची व्हॅन राहूड घाटात बंद पडली. इंजिन जाम झाले होते. गाडीत चालक आणि मी असे दोघेच होतो. मागे न खपलेल्या अंकांचे गठ्ठे होते. कोणाला इजा झाली नाही. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी चौकशी लावली. चौकशीचा प्रश्न एकच होता: इंजिन चालकाच्या चुकीने गेले की नाही. उत्तरावर चालकाची नोकरी अवलंबून होती. ते उत्तर चालकाला चार महिने आधीपासून माहीत होते आणि त्यांनी ते तीन वेळा सांगितलेले होते.

मी तेव्हा त्या दैनिकात बातमीदार होतो. नोकरीला दोन वर्षे झाली होती, कायम झालो नव्हतो. चालकांचे वय पंचेचाळीसच्या आसपास. छापखान्यापासून संपादकांपर्यंत सगळे त्यांना मामा म्हणत. ते नाशिक रोडच्या एका बौद्ध वसाहतीत राहत. आमच्याकडे येण्याआधी बारा वर्षे त्यांनी देवळाली कॅम्पात लष्कराच्या गाड्यांवर मुलकी चालक म्हणून काम केले होते. तिथली एक सवय त्यांना कायमची लागली होती. किल्ली फिरवली की इंजिन सुरू करण्याआधी ते समोरच्या काट्यांवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवत आणि प्रत्येकावर क्षणभर थांबत. मी एकदा विचारले, तेव्हा म्हणाले, "गाडीला तोंड नाही भाऊ. काटे आहेत. ती बोलते ते तिथनं बोलते."

व्हॅन दैनिकाने जुनीच घेतली होती. इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात त्या झाकणाशेजारी बसणे म्हणजे चुलीशेजारी बसणे. समोर तीन काटे होते: वेगाचा, डिझेलचा आणि इंजिनातल्या पाण्याच्या उष्णतेचा. वेगाचा काटा चाकाकडून येणाऱ्या केबलवर फिरे, त्याला वीज लागत नसे. बाकीचे दोन विजेवर चालत. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. छापखान्यात गाडीची यथेच्छ थट्टा होई. "आपली गाडी अग्रलेखासारखी आहे," छपाईचे खिळे जुळवणारा एक जुना जुळारी म्हणे, "निघते जोरात, पोहोचली कुठे ते कोणालाच कळत नाही."

१९८२ च्या खंडेनवमीला, दरवर्षीप्रमाणे, छापखान्यातल्या यंत्रांची आणि गाडीची पूजा झाली. गाडी मामांनी पहाटे उठून धुतली होती. झेंडूच्या माळाही त्यांनीच आणून बांधल्या. त्या वर्षी व्यवस्थापकांनी एक नवी गोष्ट केली. त्यांनी आपल्या कुलदैवताची काचेची तसबीर आणली, तिच्या चौकटीत लाल बल्ब बसवलेला होता. ती बसवायला गाड्या सजवणाऱ्या दुकानातला एक माणूस बोलावला. मामांना तेवढ्या वेळात पेढे आणायला पाठवले गेले. त्या माणसाने तसबीर काट्यांच्या फळीवरच चार स्क्रूंनी पक्की केली. त्यामुळे फळीचे मूळचे दोन स्क्रू तसबिरीखाली झाकले गेले. बल्बसाठी वीज हवी होती, ती त्याने फळीच्या मागून घेतली. गुरुजींनी मंत्र म्हटले. स्क्रूंच्या डोक्यांवर कुंकू लावले, अक्षता टाकल्या. किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागला. सगळ्यांनी हात जोडले. परत आलेल्या मामांनीही जोडले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात डिझेलचा आणि पाण्याचा, दोन्ही काटे एकाच दिवशी पडले. किल्ली फिरवली तरी जागचे हलेनात. लाल दिवा लागत होता. वेगाचा काटा चालत होता. हॉर्न, हेडलाइट, सगळे ठीक होते.

मामांनी शोध कसा घेतला ते मी पाहिले आहे, कारण मी विंचूरला जाण्यासाठी छापखान्याच्या आवारात गाडीची वाट पाहत उभा होतो. ते घाईत नव्हते. आधी त्यांनी फ्यूज काढून पाहिला. तो शाबूत होता. मग इंजिनावरचे झाकण उचलले. पाण्याची उष्णता मोजणारा एक लहान पितळी खिळा इंजिनात बसवलेला असतो, त्यातून निघालेली एक वायर काट्याकडे जाते. मामांनी ती वायर खिळ्यावरून काढली आणि मला आत बसवले.

"मी हे टोक लोखंडाला लावतो. काटा शेवटापर्यंत गेला पाहिजे. गेला का?"

"नाही."

"थरथरला?"

"अजिबात नाही."

"म्हणजे खिळा बरोबर आहे. दोष पुढे आहे."

मग ते गाडीखाली गेले आणि डिझेलच्या टाकीवरच्या वायरीशी तेच केले. डिझेलचा काटाही हलला नाही. ते बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "दोन माणसं एकाच दिवशी, एकाच वेळी मुकी होत नाहीत. दोघांच्या तोंडावर हात ठेवणारा कुणीतरी एकच आहे." त्यांनी तसबिरीकडे बोट केले नाही. फळीकडे केले. "या दोघांना वीज देणारी वायर एकच. ती या फळीच्या मागं सुटली. बल्ब घेतला तिथंच. खालनं हात घालून बघितलं, बोटं पोचत नाहीत. फळी काढावी लागेल. अर्ध्या तासाचं काम."

फळी काढण्यासाठी आधी तसबीर काढावी लागणार होती. तशी ती काढून पुन्हा लावता आली असती. हे मामांना कळत होते आणि आपण परवानगीवाचून हे करू नये, हेही त्यांना कळत होते. ते व्यवस्थापकांकडे गेले. मी त्यांच्याबरोबर होतो, कारण मला विंचूरला पोहोचायचे होते.

व्यवस्थापक म्हणाले, "तसबिरीला हात लावायचा नाही. प्रतिष्ठा केलीय तिची."

"साहेब, मी नाही लावत. तुम्ही तुमच्या हातानं काढा, मी फक्त मागची वायर बघतो. परत तुम्हीच लावा."

"अरे, काढायची म्हणजे विधी करून काढायची. पुढच्या खंडेनवमीला बघू."

"तोवर दहा महिने आहेत साहेब. पाण्याचा काटा बंद आहे."

"इतकी वर्षं काय काट्यांवर गाडी चालवलीस का? ड्रायव्हर आहेस ना?" मग ते माझ्याकडे पाहून हसले आणि मामांना म्हणाले, "तुम्हा लोकांना काय त्याचं."

मामा म्हणाले, "बरं साहेब," आणि बाहेर आले. गाडीत बसल्यावर मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते लक्षात ठेवण्याजोगे नसावे. मामांनी समोरच्या काट्यांवरून नजर फिरवली आणि गाडी सुरू केली.

ती पहिली वेळ. दुसऱ्या वेळी, जानेवारीत, त्यांनी गाडीच्या वहीत लिहिले: "पाण्याचा व डिझेलचा काटा बंद. फळी उघडणे जरूर." वहीच्या त्या पानावर व्यवस्थापकांची छोटी सही आहे, म्हणजे ते वाचले गेले होते. तिसऱ्या वेळी, फेब्रुवारीत, त्यांनी सुचवले की व्यवस्थापकांनी गुरुजींना बोलवावे, विधी करावा, गुरुजींनी तसबीर काढावी. व्यवस्थापक म्हणाले, "आता तू मला धर्म शिकवणार?"

दरम्यान गाडी रोज चालत होती. डिझेल मोजण्यासाठी मामांनी बांबूची एक पट्टी तासली, तिच्यावर चाकूने खुणा केल्या आणि ती टाकीत बुडवून पाहू लागले. जुळारी ओरडत, "मामा, ती काठी एकदा बातमीदारांच्या डोक्यात घालून बघा, किती शिल्लक आहे!" पाण्यासाठी पट्टी चालत नव्हती. त्यासाठी मामा दर पंचवीस-तीस किलोमीटरला गाडी थांबवत, रेडिएटरच्या रबरी नळीला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करत आणि खाली वाकून गळती पाहत. मागे पाण्याचे दोन डबे नेहमी भरलेले असत. थांबण्याने उशीर होऊ लागला. वाटेवरच्या एजंटांनी तक्रार केली. व्यवस्थापकांनी मार्चमध्ये एक कागद टंकलिखित करून गाडीच्या आतल्या बाजूला चिकटवून घेतला: वाटेत एजंटांखेरीज कोठेही गाडी थांबवू नये. म्हणजे काटे दुरुस्त करायचे नाहीत, आणि काट्यांच्या जागी चालक स्वतःची बोटे वापरतो तर तीही वापरू द्यायची नाहीत. हा आदेश देणाऱ्याला गाडी कशी चालते हे माहीत नव्हते असे मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही. त्याला सांगितले गेले होते.

एप्रिलमधल्या त्या दिवशी मी मालेगावला यंत्रमाग बंद असल्याची बातमी घ्यायला गेलो होतो. मामा एजंटांकडून परतीचे अंक गोळा करत होते. निघायला एक वाजून गेला. घाटाच्या पायथ्याशी, उमराण्यात, मामांनी गाडी हळू केली.

"पाच मिनिटं, भाऊ. नळीला हात लावून बघतो. आज वास वेगळा येतोय."

"मामा, चार वाजता पान लागतंय. वर चांदवडला थांबा."

"वर जाईपर्यंत काय ते होतंय."

"काही होत नाही हो."

ते हसले. दारावरच्या कागदाकडे मान हलवून म्हणाले, "हा कागद सांगतोय थांबू नको, तुम्ही सांगताय थांबू नको. दोघं शिकलेले. मी एकटा काय बोलू?" आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

घाटाच्या अर्ध्यावर गरम रबराचा वास केबिनमध्ये भरला. मामांनी लगेच गाडी कडेला घ्यायला सुरुवात केली, पण त्याआधीच इंजिनातून एक कोरडा, खरवडल्यासारखा आवाज आला आणि ते थांबले. पुन्हा फिरले नाही. झाकण उचलल्यावर दिसले की रेडिएटरची खालची नळी शिवणीवर उसवली होती. पाणी केव्हाचे गळून गेले होते. मागचे दोन्ही डबे काठोकाठ भरलेले होते.

मामा काही वेळ त्या डब्यांकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, "काटा असता तर उमराण्यालाच वर चढला असता. तुमचं पण ऐकलं नसतं मग."

उमराण्याच्या बाजाराकडून आलेल्या कांद्याच्या एका ट्रकने आम्हाला दोराने चांदवडपर्यंत ओढत नेले. ट्रकवाला मोकळा माणूस होता. "पेपरची गाडी व्हय? मंग उद्या छापा की पहिल्या पानावर, पेपर वढला कांद्यानं! आमचं लय नाव व्हईल." मामा हसले. त्या दिवशी ते शेवटचे हसले, असे मला वाटते. याची खात्री नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये होती. गाड्यांचे वायरिंग करणारे एक म्हातारे चाचा तिथे बसत. इंजिन उतरवण्यासाठी समोरची फळी सोडवणे भाग होते. आता कोणालाही विधीची आठवण झाली नाही. व्यवस्थापक, मामा, मी आणि चाचा असे चौघे तिथे होतो. चाचांनी हात धुतले, आपल्या पेटीतून एक स्वच्छ फडके काढले, चार स्क्रू सोडवले, तसबीर फडक्यात गुंडाळली आणि उंच फळकुटावर ठेवली. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे लागली.

मग त्यांनी काट्यांची फळी पुढे ओढली आणि बोटाने दाखवले. "हे बघा साहेब. बल्बवाल्यानं इथं वायर कापली. बल्बला पक्का जोड दिला. काट्यांकडं जाणारं टोक नुसतं पिळून ठेवलं, वर टेपसुद्धा नाही. हादरे बसून बसून सुटलं. म्हणून दिवा चालू आणि काटे उपाशी." त्यांनी ती दोन टोके चिमटीत पिळून धरली आणि मामांना किल्ली फिरवायला सांगितले. डिझेलचा काटा सावकाश वर आला. चाचांनी पाण्याच्या काट्याची वायर लोखंडाला टेकवली. तोही शेवटापर्यंत गेला. मामांनी डिसेंबरमध्ये सांगितले होते ते शब्दशः तसेच निघाले.

व्यवस्थापकांनी विचारले, "सुटलं, की कोणी सोडवलं?"

मामा किल्ली काढून गाडीतून खाली उतरले.

"नाही, मी विचारतो. चार महिने मागे लागला होता ना, तसबीर काढा, तसबीर काढा. परवानगी मिळेना म्हणून मागून हात घातला असेल. त्यात वायर तुटली."

मामा म्हणाले, "साहेब, काटे पडले तेव्हाच मी तुमच्याकडे आलो."

चाचा म्हणाले, "साहेब, स्क्रूवर कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. खाचेत अक्षता चिकटलेली. ते मी आत्ता फोडलं, तुमच्यासमोर. आधी कुणी उघडलं असतं तर ते राहिलं असतं का?"

"कुंकू काय, परत लावता येतं," व्यवस्थापक म्हणाले. "आणि यांना ते खुपत होतंच."

"साहेब," मामा म्हणाले, "माळा मी बांधल्या होत्या." एवढेच. आवाज चढला नव्हता.

तोपर्यंत आरोप असा होता की मामांनी पाणी न पाहता गाडी चालवली. त्या दुपारनंतर आरोप बदलला. ज्या वस्तूला हात लावायला त्यांनी तीन वेळा परवानगी मागितली आणि तीन वेळा ती नाकारली गेली, त्या वस्तूला त्यांनी गुपचूप हात लावला, असा नवा आरोप झाला. त्याला पुरावा म्हणून त्यांनी मागितलेली परवानगीच दाखवली गेली. वहीतले जानेवारीचे पान त्यांच्या बाजूने पुरावा होईल असे मला वाटले होते. ते त्यांच्याविरुद्ध वापरले गेले: पाहा, किती मागे लागला होता.

माझी जबानी व्यवस्थापकांच्या खोलीत झाली. मी सात वाक्ये सांगितली. टंकलेखकाने ती हाताने उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी सहीसाठी आलेल्या टंकलिखित प्रतीत सहा होती. गेलेले वाक्य असे: "डिसेंबरमध्ये माझ्यासमोर चालकाने तसबीर व्यवस्थापकांच्याच हाताने काढण्याची विनंती केली व ती नाकारण्यात आली." मजकूर तपासणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता, एक ओळ गळली तर ती मला लांबून दिसे. ही मला पहिल्या वाचनात दिसली. व्यवस्थापक समोर बसले होते. ते म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं पत्र पुढच्या महिन्यात निघतंय ना?" मी सही केली. वाचून केली. न वाचता केली असे म्हणता येणार नाही.

आणखी एक वाक्य त्या जबानीत नव्हते. ते गाळले गेले नाही, कारण मी ते सांगितलेच नव्हते. उमराण्यात थांबू नका, असे मी म्हणालो होतो. मामांनीही ते चौकशीत सांगितले नाही. त्यांना विचारले गेले, "पायथ्याशी का थांबला नाहीस?" ते म्हणाले, "थांबायला पाहिजे होतं."

चौकशीच्या अहवालात निर्णायक वाक्य हे होते: "तसबिरीमागील वायर चालकाने सोडविली असण्याची शक्यता नाकारता येत नाही." बातमीत असे वाक्य आले तर आमच्याकडे ते खोडले जाई. त्यात काही माहिती नसते. लिहिणाऱ्याला काही माहीत नाही आणि तरी कोणावर तरी शिंतोडा उडवायचा आहे, एवढेच त्यातून कळते. कामाला लागलो त्या पहिल्या आठवड्यात मला हे शिकवले गेले. त्या वाक्यावर एका माणसाची नोकरी गेली. मे १९८३ मध्ये मामांना कामावरून कमी केल्याचे पत्र मिळाले. माझे कायम झाल्याचे पत्र त्याच आठवड्यात आले. दोन्ही पत्रे एकाच टंकलेखकाने केली होती.

मामांनी कामगार न्यायालयात अर्ज केला. चाचा साक्षीला आले, त्यांनी कुंकवाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. मी १९८५ मध्ये साक्ष दिली. तेव्हा मी ते दैनिक सोडलेले होते. जबानीतले एक वाक्य गाळले गेले आहे, हे मी सांगितले. उमराण्यात मी काय म्हणालो तेही सांगितले. समोरच्या वकिलांनी जबानीचा कागद माझ्या हातात दिला.

"खालची सही कोणाची?"

"माझी."

"सही करताना वाचलं होतं?"

"हो."

"वाक्य कमी आहे हे तेव्हा दिसलं होतं?"

"हो."

"मग तेव्हा सांगितलं का?"

"नाही."

"झालं माझं," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मामा बाकावर बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही आलात. यायची जबरदस्ती नव्हती." मग त्यांनी विचारले, "आता गाडी शिकलात की नाही अजून?" मी नाही म्हणालो. "शिका. आणि काटे बघत जा," ते म्हणाले, आणि बस पकडायला उठले.

निकाल १९८६ च्या जूनमध्ये लागला. अर्ज फेटाळण्यात आला. निकालपत्रात माझी सही असलेल्या जबानीचा दोनदा उल्लेख आहे. निकाल वाचला जात असताना मामा हजर नव्हते. ते त्या सकाळी विंचूरहून कांद्याचा ट्रक घेऊन इंदूरकडे निघाले होते, बदली चालक म्हणून.